ग्रीक कोशांतून गळलेले कांहीं शब्द व त्यांचा पुरावा

(१) प्राचीन ग्रीक भाषेचा कोश आतां पुरा झाला असेल, त्यांत नवें घालण्यासारखें कांहीं उरलें नसेल, अशी समजूत सामान्यतः आढळते. ती बरोबर नाहीं. ज्या भाषेंत अडीच हजार वर्षांहून अधिक काळ लेखन होत आलें, तिचे सर्व शब्द कोणत्याहि एका कोशांत अद्याप आलेले नाहींत. आणि अलीकडे तर हें काम विद्यापीठांच्या आवाराबाहेर पडून सर्वसामान्य अभ्यासकांच्या हातीं आलें आहे. इ. स. २००२ च्या डिसेंबरांत संगणकजालावर सुरू झालेला 'विक्शनरी' नामक बहुभाषी कोश हें याचें ठळक उदाहरण होय. त्याला मुख्य संपादक नाहीं, वेतन घेणारे कोशकार नाहींत. जो शब्द कोशांत नाहीं तो ज्याला ठाऊक असेल त्यानें आणून घालावा, दुसऱ्यानें तपासावा, तिसऱ्यानें सुधारावा, अशी त्याची रीत आहे. नसलेल्या शब्दांच्या याद्या तेथें करून ठेविल्या जातात, व प्राचीन ग्रीक शब्दहि अशा याद्यांतून एकेक करून भरले जातात.

ही रीत पाहून जुन्या शिस्तींत वाढलेल्या अभ्यासकांस धास्ती वाटणें साहजिक आहे. कोणीहि उठावें आणि कोशांत शब्द घालावा, मग खरा शब्द कोणता व कल्पित कोणता हें कसें ओळखावें? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर घालणाराच्या पदवींत शोधून उपयोग नाहीं, तें पुराव्यांत शोधलें पाहिजे. शब्द कोणी घातला यापेक्षां तो कोणत्या हस्तलिखिताच्या कोणत्या स्थळावरून घातला हें महत्त्वाचें. प्रस्तुत लेखांत ही गोष्ट आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराशीं संबद्ध अशा कांहीं ग्रीक शब्दांवरून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

(२) ग्रीक कोशांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं मागच्या कोशांतील उणीव पुढच्यानें भरून काढण्याचा इतिहास होय. आलेक्सांद्रियाच्या हेसिखिओसनें इसवी सनाच्या पांचव्या किंवा सहाव्या शतकांत दुर्मिळ शब्दांचा एक मोठा कोश रचिला. त्यांत सुमारें पन्नास हजार नोंदी असून त्यांतील कित्येक शब्द अन्यत्र कोठेंहि मिळत नाहींत. एवढा मोठा ठेवा आज एका हस्तलिखितावर उभा आहे. ही पंधराव्या शतकांतील प्रत व्हेनिस येथील मार्चाना ग्रंथालयांत आहे. इ. स. १५१४ मध्यें आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यांत हा कोश छापला गेला, तेव्हां संपादक मूसुरोस यानें आपल्या दुरुस्त्या त्या प्रतीवरच लिहून ती जुळाऱ्यांकडे दिली. त्यामुळें मूळ लेखकाचा पाठ कोणता व संपादकाचा कोणता, हें निवडण्याचें काम पुढच्या विद्वानांच्या माथीं आलें. पोथीच्या ओळींत आपली शाई चालविणाऱ्या शहाण्यांचा अनुभव आमच्या पोथीसंग्राहक वाचकांसहि असेलच.

पुढें आंरी एस्तिएन यानें इ. स. १५७२ त ग्रीक भाषेचा महाकोश प्रसिद्ध केला. त्यापायीं तो कर्जबाजारी झाला. आणि त्याच्याच छापखान्यांत काम केलेल्या स्कापुलानें इ. स. १५८० च्या सुमारास त्या कोशाचा स्वस्त संक्षेप काढून त्याचें गिऱ्हाईक तोडलें. एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडित पास्सो याच्या कोशाचा पाया घेऊन लिडेल व स्कॉट यांनीं इ. स. १८४३ मध्यें ऑक्सफर्ड येथें आपला प्रसिद्ध कोश काढिला. तो आवृत्तीगणिक वाढत गेला. इ. स. १८९६-९७ च्या हिवाळ्यांत ग्रेनफेल व हंट यांनीं मिसर देशांतील ऑक्सिऱ्हिंखस येथील उकिरडे उकरण्यास आरंभ केला, आणि पावत्या, करारपत्रें, खासगी पत्रें, हिशेब असे हजारों कागद बाहेर आले. त्यांतील बाजारी व घरगुती शब्दांनीं जुने कोश अपुरे ठरविले. म्हणून स्टुअर्ट जोन्स व मॅकेंझी यांनीं नववी आवृत्ति हातीं घेतली. ती इ. स. १९२५ पासून १९४० पर्यंत भागाभागानें निघाली. पुरी झालेली पाहण्यास दोघांपैकीं एकहि हयात नव्हता. या आवृत्तीसाठीं अनेक विद्वानांनीं विनावेतन ग्रंथ वाचून शब्द पुरविले होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परस्परसाहाय्यानें कोश वाढविण्याची कल्पना संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. एवढ्यावरहि भागलें नाहीं. इ. स. १९६८ त पुरवणी काढावी लागली, व १९९६ त ती सुधारून पुन्हां छापावी लागली.

(३) मग एवढ्या खटाटोपानंतरहि शब्द गळतात कां? याचीं मुख्य कारणें तीन दिसतात. पहिलें असें कीं, कोशकारांची दृष्टि प्रथमपासून काव्य, नाटक, इतिहास व तत्त्वज्ञान यांवर खिळलेली. तांडेल, वखारवाले व सुतार यांचे शब्द त्यांस गौण वाटले. दुसरें कारण मर्यादेचें. ऑक्सफर्डच्या नवव्या आवृत्तीनें ख्रिस्ती धर्मग्रंथकार मुख्यतः बाजूस ठेविले. त्यांच्यासाठीं लॅम्प यांचा स्वतंत्र कोश इ. स. १९६१ ते १९६८ या काळांत निघाला; परंतु त्याचें लक्ष मुख्यत्वें धर्मविचाराच्या परिभाषेकडे. दोन कोशांच्या शिवेवर जे शब्द पडले, ते दोघांच्याहि हातून निसटण्याचा संभव राहिला. तिसरें कारण सर्वांत घातक आहे. हस्तलिखितांत असलेला शब्द संपादकास कळला नाहीं म्हणजे तो त्यास लेखकाचा प्रमाद समजून बदलतो, छापील ग्रंथांत दुसराच शब्द येतो, आणि कोशकार छापील ग्रंथच वाचीत असल्यामुळें मूळ शब्द जगांतून नाहींसा होतो.

(४) या बाबतींत लोककोशाचा नियम पाहण्यासारखा आहे. जी भाषा आज बोलली जाते व जींत विपुल लेखन आहे, तिचा नवा शब्द दाखल होण्यास निरनिराळ्या ग्रंथांतील, वर्षाहून अधिक काळांत विखुरलेले, तीन स्वतंत्र प्रयोग दाखवावे लागतात. लुप्त भाषेस ही अट नाहीं. समकालीन लेखांतील एक प्रयोगहि पुरतो. हें योग्यच आहे. ज्या काळचे बहुतेक ग्रंथ जळून, भिजून, कसर लागून गेले, त्या काळच्या शब्दाकडे तीन साक्षीदार मागणें अन्यायाचें होईल. परंतु साक्षीदार एकच असला म्हणजे त्याची उलटतपासणी अधिक कसून करावी लागते, हेंहि तितकेंच खरें.

दुसरी सोय अशी कीं, या कोशांतील नोंद कोणीं कितीहि वेळां बदलली तरी मागील प्रत्येक पाठ तारीखवार जतन राहतो. मूसुरोसच्या शाईखालीं जें झांकलें गेलें तें येथें झांकलें जात नाहीं. मात्र एक पथ्य पाळावें लागतें. इ. स. २०२१ मध्यें केंब्रिज येथून निघालेल्या नव्या ग्रीक कोशासारख्या ग्रंथांवर प्रकाशकांचे हक्क आहेत. त्यांतील अर्थ उतरून घेतां येत नाहींत. मूळ ग्रंथाचें स्थळ पाहून अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. आमच्या दृष्टीनें ही अडचण नसून उपकारच आहे. कारण तिच्यामुळें लिहिणारास मूळाकडे जाणें भाग पडतें.

(५) आतां उदाहरणांकडे वळूं. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचे सुमारास मिसरांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिला. लेखकाचें नांव मिळत नाहीं. भडोच, सोपारा, कल्याण, चौल, पैठण व तेर यांचे उल्लेख त्यांत असल्यामुळें महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचें तें एक आद्य साधन झालें आहे. या ग्रंथाचें हस्तलिखित जर्मनींत हायडेलबर्ग येथें ३९८ क्रमांकाच्या ग्रीक पोथींत असून तें दहाव्या शतकाच्या आरंभींचें आहे. इ. स. १६२३ मध्यें तेथील ग्रंथसंग्रह रोमला नेण्यांत आला, त्यांत ही पोथीहि गेली. १८१६ मध्यें ती स्वस्थानीं परतली. लंडन येथें दुसरी एक प्रत आहे, पण ती याच पोथीची नक्कल असल्यानें तिला स्वतंत्र साक्षीदार म्हणतां येत नाहीं. तात्पर्य, या ग्रंथांतील प्रत्येक दुर्मिळ शब्द एकाच लेखकाच्या लेखणीवर अवलंबून आहे.

हा ग्रंथ प्रथम इ. स. १५३३ त बाझल येथें छापला गेला. नंतर म्युलर यानें १८५५ त व फाब्रिसिउस यानें १८८३ त त्याच्या आवृत्त्या काढिल्या. फाब्रिसिउसनें पाठांत सढळ हातानें दुरुस्त्या केल्या. इ. स. १९२७ मध्यें स्वीडनमधील याल्मार फ्रिस्क यानें पुन्हां हस्तलिखिताकडे जाऊन त्यांतील अनेक पाठ जागच्या जागीं बसविले. हाच फ्रिस्क पुढें ग्रीक व्युत्पत्तिकोशाचा कर्ता म्हणून प्रसिद्धीस आला, हा केवळ योगायोग मानण्याचें कारण नाहीं.

(६) पहिलें उदाहरण नावांचें. भडोचच्या खाडीचें मुख अवघड असल्यामुळें राजाच्या चाकरींतील स्थानिक कोळी लांबट नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात व परदेशी जहाजें वाट दाखवून आंत आणीत, असें पेरिप्लसकार सांगतो. या नावांस तो 'त्राप्पागा' व 'कोतिंबा' अशीं नांवें देतो. पुढें पूर्व किनाऱ्याच्या वर्णनांत एकेका झाडाच्या कोरलेल्या मोठ्या होड्या एकत्र जुंपून केलेल्या जलयानास 'सांगारा' असें नांव येतें. ग्रीक वाङ्मयाच्या वाचकास हे शब्द सर्वस्वीं अनोळखी. एका पोथीवर विसंबून, एका अनामिक व्यापाऱ्याच्या ग्रंथांतून, असे चमत्कारिक शब्द कोशांत घ्यावे काय, अशी शंका कोणासहि येईल.

या शंकेचें निरसन ग्रीक पोथ्यांनीं झालें नाहीं. तें एका जैन प्राकृत ग्रंथानें झालें. मुनि पुण्यविजयजी यांनीं संपादिलेला 'अंगविज्जा' हा निमित्तशास्त्रावरील ग्रंथ प्राकृत ग्रंथ परिषदेनें इ. स. १९५७ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत जलयानांची यादी आली आहे. तींत 'कोट्टिंब', 'तप्पक' व 'संघाड' हे तिन्ही शब्द आहेत. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनीं हें साम्य दाखवून दिलें. ग्रीकांत 'त्रा' असा रकार राहिला व प्राकृतांत 'त' झाला, याचें नवल नको; संयुक्त रकाराचा लोप हा प्राकृताचा नित्याचा धर्म आहे. 'सांगारा' तर आम्हां मराठी लोकांस परकाहि वाटूं नये. दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या तरंडास आपण आजहि 'सांगड' म्हणतों, व 'सांगड घालणें' हा प्रयोग तर घरोघरचा आहे. पेरिप्लसमधील वर्णन आणि मराठी शब्दाचा अर्थ हीं एकमेकांशीं तंतोतंत जुळतात.

येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्योतिष्यासारख्या विषयावरील पोथींतील एका रुक्ष यादीनें दहाव्या शतकांतील ग्रीक लेखकाची अक्षरशः खरेपणाची साक्ष दिली. त्यानें न समजतां, पण इमानानें, समोरचीं अक्षरें उतरून घेतलीं होतीं.

(७) दुसरें उदाहरण अर्थ गळल्याचें. सहाव्या शतकाच्या मध्यास कोस्मास नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें आपल्या ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख केला आहे. तेथून तांबें, 'सेसामिना' लांकडें व वस्त्रें यांचा व्यापार चालतो, असें तो म्हणतो. ग्रीक भाषेंत 'सेसामोन' म्हणजे तीळ, व 'सेसामिनोस' म्हणजे तिळाचें. त्यामुळें जुन्या भाषांतरांत कल्याणहून तिळाच्या झाडाचे ओंडके निर्यात होत असल्याचें वाचावयास मिळतें! तिळाचें झाड पुरुषभर उंचीचें. त्याच्या काटक्यांनीं फार तर चूल पेटेल. जहाजांत भरून समुद्रापलीकडे नेण्यासारखा ओंडका त्यांतून निघणें शक्य नाहीं.

खुलासा पेरिप्लसमध्यें आहे. भडोचहून इराणी आखातांतील अपोलोगोस व ओम्माना या बंदरांकडे मोठीं जहाजें जात. त्यांतील मालांत तांब्याबरोबर 'सासामिना' ओंडके आले आहेत. संस्कृत 'शिंशपा', हिंदी 'शीशम', मराठी 'शिसव', 'शिसवी' या शब्दकुळाशीं त्याचा संबंध उघड आहे. भारतीय नांव कानीं पडल्यावर ग्रीक कानानें तें ओळखीच्या तिळाच्या शब्दांत बसवून घेतलें. पेरिप्लसमध्यें तें अर्धवट बसलें आहे, कोस्मासच्या वेळपर्यंत पुरतें बसलें. दोन्ही ग्रंथांत तांबें व हें लांकूड यांची जोडी कायम आहे, हा पुरावाहि दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. सह्याद्रीच्या रानांत शिसव आजहि होतो, हें सांगणें नलगे. म्हणून कोशकारानें येथें 'तिळाचें' या अर्थाखालीं हीं स्थळें न टाकतां, 'शिसवीचें' असा स्वतंत्र अर्थ स्वतंत्र व्युत्पत्तीसह द्यावयास पाहिजे. शब्द कोशांत असूनहि अर्थ गळलेला असतो, तो असा.

(८) तिसरें उदाहरण अधिक वादग्रस्त आहे. पेरिप्लसच्या त्याच वाक्यांत, तांब्याच्या पुढें, हस्तलिखितांत 'सागालिनोन' लांकडें असा शब्द आहे. हें षष्ठीचें अनेकवचन. हा शब्द इतरत्र अपरिचित म्हणून संपादकांनीं तो 'सांतालिनोन', म्हणजे चंदनाचीं, असा सुधारला. ग्रीक मोठ्या लिपींत गकार व तकार यांत गोंधळ होणें सोपें असल्यामुळें या सुधारणेस वरवर आधारहि मिळाला. इ. स. १९१२ मधील शॉफ यांच्या भाषांतरांत चंदनच आलें, आणि भडोचहून इराणी आखातांत चंदन जात असल्याचें तें भाषांतर वाचणारांच्या मनांत ठसलें. इ. स. १९८९ मध्यें कॅसन यांनीं मात्र हस्तलिखिताचा पाठ राखून 'सागाचें' असा अर्थ केला.

आमच्या मतें कॅसन यांचा पक्ष बळकट आहे. एक तर या मालाच्या लगोलग तुळया, वांसे व ओंडके यांची गणना आहे. हा इमारती व जहाजबांधणीच्या लांकडाचा व्यापार दिसतो, सुगंधी द्रव्यांचा नव्हे. दुसरें, चंदनाचा मुख्य प्रदेश दक्षिणेंत दूर, तर सागाचीं रानें भडोचच्या पाठीशींच. तिसरें, तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरांत इ. स. १९९४ पासून जें उत्खनन झालें, त्यांत भारतीय सागाचें लांकूड विपुल मिळालें. तेव्हां साग समुद्रपार जात होता हें प्रत्यक्ष सिद्ध आहे. चौथें, अरबी भाषेंत सागास 'साज' म्हणतात, व तो शब्द भारतांतूनच गेलेला आहे. उलट पक्षाचें एक म्हणणें मान्य केलें पाहिजे: 'साग' या शब्दापुढील लकाराचा उलगडा सरळपणें होत नाहीं.

अशा स्थितींत कोशांत काय लिहावें? 'सागालिनोस' हा शब्द घालावा. पण प्रथमेचें एकवचन हें आपण बनविलेलें रूप असून ग्रंथांत केवळ षष्ठीचें अनेकवचन आहे, हें सांगावें. अर्थ 'बहुधा सागाचें' असा द्यावा, व चंदनाचा पाठ ही संपादकांची कल्पना आहे हें त्याच नोंदींत नमूद करावें. शब्द वगळणें हा एका पक्षास एकतर्फी निकाल देणें होय. एका व्यंजनावर कोंकण-गुजराथच्या व्यापाराचें एक पान अवलंबून आहे, तें वाचकापासून लपवूं नये.

(९) चौथें उदाहरण आपल्या देशाच्या नांवाचें. भडोचच्या पुढील किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरला आहे, म्हणून त्या देशास 'दाखिनाबादेस' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेंत दक्षिणेस 'दाखानोस' असें नांव आहे, असें पेरिप्लसकार लिहितो. हा 'दक्खिणापथ' व 'दक्खिण' या प्राकृत शब्दांचा ग्रीक लिपींतील अत्यंत जुना उतारा होय. मग 'दाखानोस' हा ग्रीक शब्द म्हणून कोशांत घालावा काय? आम्हांस येथें भेद करणें अवश्य वाटतें. 'सासामिना' व 'सागालिना' हे शब्द लेखक स्वतः मालाचें नांव म्हणून योजितो; तो प्रयोग आहे. 'दाखानोस' तो परक्यांचा शब्द म्हणून सांगतो. तो निर्देश आहे. ग्रीक प्रत्यय लागला म्हणून शब्द ग्रीक होत नाहीं. असा शब्द घ्यावयाचा तर तो निर्देशमात्र आहे असा स्पष्ट शेरा मारून घ्यावा. त्याचें खरें मोल ग्रीक कोशापेक्षां प्राकृत भाषेच्या इतिहासांत आहे.

(१०) वरील विवेचनावरून नवा शब्द घालणारानें पाळावयाचे चार नियम निघतात. (अ) शब्द ज्या स्थळीं आहे त्या स्थळाचा ग्रंथ, प्रकरण व आवृत्ति यांसह निर्देश करावा. (आ) हस्तलिखिताचा पाठ व संपादकाची दुरुस्ती हीं निराळीं दाखवावीं. (इ) ग्रंथांत आढळलेलें रूप व आपण बनविलेलें मूळ रूप यांत घोटाळा करूं नये. (ई) प्रयोग कोणता व निर्देश कोणता हें सांगावें. हे नियम जो पाळील, तो विद्यापीठांतील असो वा नसो, त्याची नोंद टिकेल. जो पाळणार नाहीं, त्याच्या पदवीचा शब्दास कांहीं उपयोग नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ग्रीक भाषा येत असेल. तथापि या कामांत त्यांचा वांटा लहान नाहीं. 'अंगविज्जा'तील यादीनें जें काम केलें तें करणारीं पानें आपल्या संग्रहांतहि असणें शक्य आहे. नावांचीं, लांकडांचीं, कापडाचीं व मसाल्याचीं नांवें ज्यांत एकापुढें एक मांडलीं आहेत अशा याद्या, जकातीचे तक्ते व वखारींचीं टिपणें वाङ्मयदृष्ट्या नीरस म्हणून बाजूस पडतात. तीं पोथीच्या पत्रांकासह, मूळ अक्षरांत एकाहि काना-मात्रेची सुधारणा न करितां, छापून काढावीं. न कळणारा शब्द शुद्ध करण्याची घाई करूं नये. आज आपणांस जो प्रमाद वाटतो तोच उद्यां दूरच्या भाषेंतील एखाद्या एकाकी शब्दाचा दुसरा साक्षीदार ठरेल.